मैना गावावर राहतच नाही

अकरावीच्या वर्गाला ‘स्थलांतरित कामगार : साहित्यात आणि प्रत्यक्षात’ असा प्रकल्प दिला की पहिल्या मसुद्यात काय येणार हे मला आता पाठ झालंय. ‘दोन्हीकडे शोषण आहे, दोन्हीकडे दारिद्र्य आहे, वर्णन हृदयद्रावक आहे.’ सगळी गाईडाची भाषा. म्हणून ‘शोषण’, ‘व्यथा’ आणि ‘हृदयद्रावक’ या तीन शब्दांना पहिल्या मसुद्यात बंदी. मुलं वैतागतात. वैतागू देत.

माझं कॉलेज बीड जिल्ह्यातलं. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततात. तोवर मुलं आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्यामुळे ‘प्रत्यक्ष’ शोधायला लांब जावं लागत नाही, पण म्हणूनच जपावंही लागतं. स्वतःच्या घराबद्दल लिहायची सक्ती कुणालाच नाही, आणि कागदावर कुणाचं नाव येणार नाही. एखाद्या पोराकडे बाकीचा वर्ग नमुना म्हणून बघायला लागला, तर प्रकल्प त्याच दिवशी बंद करावा असं माझं मत आहे.

सुरुवात अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीपासून, म्हणजे लावणीच्या ढंगाच्या गाण्यापासून, केली. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून मुंबईला आलेले. रचना संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली, त्यामुळे मैनेचा विरह पुढे बेळगाव-कारवारच्या विरहाला जाऊन मिळतो. हे सगळं शिकवायला सोपं. मुली मात्र पहिल्या ओळीतच अडकल्या.

‘मॅडम, आमच्यात मैना गावावर राहतच नाही.’

खरंच आहे. एक कोयता म्हणजे नवराबायको. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीवर ठरते. छक्कडीतला गडी दागिन्यांची बोली करून एकटा निघतो आणि मुंबईत गेल्यावर हाती काही लागत नाही. इथं पैसे आधी येतात, बहिणीच्या लग्नात नाहीतर दवाखान्यात संपून जातात, आणि मग दोघं ट्रॅक्टरवर बसतात. गावावर राहतात ती म्हातारी माणसं आणि माझ्यासमोर बसलेली ही मुलं. मैनेचं म्हणणं आपल्याला त्या गड्याच्या तोंडूनच कळतं, हे एका मुलीने आपणहून लिहिलं. तिने आईला फोन लावला होता. आई दुःखाबद्दल काहीच बोलली नाही, टनाचा हिशेब सांगत बसली.

मला नेमकं तेच हवं होतं. साम्य शोधायला सांगितलं की मुलं भावनेकडे पळतात. फरक शोधायला सांगितला की व्यवहाराकडे येतात. म्हणून प्रश्नही तसेच दिले. काम कुणी मिळवून दिलं? पैसे आधी की नंतर? वजन कोण करतं? मध्येच काम सोडलं तर काय होतं?

दुसरा मजकूर परका घेतला : जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’, १९३९ सालची. ओक्लाहोमातली जमीन हातची गेलेलं जोड (Joad) आडनावाचं कुटुंब मजुरांच्या मागणीची पत्रकं वाचून कॅलिफोर्नियाला जातं. आख्खी कादंबरी कोण वाचणार? पीच तोडणीचा भाग मीच मराठीत सांगितला. पेटीला पाच सेंट. या घरातल्या टॉमने भरलेली पहिलीच पेटी तपासणारा नाकारतो, फळं दबलीत म्हणून. संध्याकाळपर्यंत सगळ्या घराने मिळून वीस पेट्या भरल्या, म्हणजे एक डॉलर. तो जातो मळ्यातल्याच दुकानात, बाहेरच्यापेक्षा चढ्या भावाने. फाटकाबाहेर संप चाललाय, कारण संपवाल्यांना अडीच सेंटच देऊ केले होते. संप मोडल्यावर आतल्यांचाही दर तिथंच येतो.

एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी उठली. ‘त्यांनी उचल घेतलीच नव्हती, मग ते निघून का नाही गेले?’

माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न. तिथं माणूस मोकळा आहे, म्हणून तर स्वस्त आहे : तो गेला तर मागे उपाशी माणसांची रांग उभीच आहे. इथं तो आधीच बांधलेला. खाडा झाला तर मजुरी जातेच, वर दंडही कापला जातो. हंगाम संपताना फिटली नाही ती बाकी पुढच्या वर्षाच्या अंगावर. तोडणारा उसाच्या फडात आणि वजनकाटा कारखान्यावर, त्यामुळे मोळ्या मोजता आल्या तरी टनाचा आकडा दुसऱ्यानेच सांगायचा. ही तुलना कुठल्याच गाईडात सापडायची नाही.

आणखी एकाने विचारलं, जोड मंडळी यायच्या आधी पीच कोण तोडत होतं? मेक्सिकन, फिलिपिनो मजूर. त्याच दशकात लाखो मेक्सिकन माणसांना, त्यांत अमेरिकेत जन्मलेलेही होते, मेक्सिकोला धाडलं गेलं. कादंबरीत ते जवळजवळ नाहीतच. इतकं कळवळून लिहिलेल्या पुस्तकातूनही माणसं गळतात हे मुलांना कळणं मला अलंकार ओळखण्याहून महत्त्वाचं वाटतं. (बोर्डाला वाटत नसावं.)

खरी वादावादी मुकादमावरून झाली, म्हणजे कारखान्याकडून पैसे उचलून मजुरांची टोळी नेणाऱ्या मध्यस्थावरून. कादंबरीत कंत्राटदार येतो, तेव्हा एक तरुण मजूर दर लेखी मागतो, आणि कंत्राटदार सोबत आणलेल्या पोलिसाला पुढे करतो. वाचकाला बाजू निवडायला वेळ लागत नाही. पण वर्गात एका मुलाचे वडीलच मुकादम. त्याने लिहिलं की कारखान्याकडून उचललेल्या पैशाला वडील स्वतः जबाबदार आहेत, टोळीतले दोन कोयते पैसे घेऊन आलेच नाहीत, आणि ते पैसे फेडायला घरचा बैल विकला. शेजारच्या बाकावरच्या पोराने तिथंच विचारलं, ‘आणि आमच्या हिशेबातून कमिशन कापतात ते?’

तास संपला तरी दोघं भांडत होते. दोघांच्याही वह्या मी तशाच ठेवून घेतल्यात. यंदा हाच प्रकल्प दिवाळीआधी घेणार आहे, आईवडील अजून गावात असताना, म्हणजे फोनवर रेंज शोधत बसायला नको. आणि मुकादमांसाठी प्रश्नांचा वेगळा कागद करायचाय. तो त्या दोघांनी मिळून करायचा असं मी सांगितलंय. अजून तरी एकानेही आणून दिलेला नाही.