चिठ्ठी दाखवून कुणी पैसे मागितले तर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे जरा जास्तच येतो: कुणी डॉक्टरची चिठ्ठी दाखवून, किंवा स्टेशनबाहेर नुसता हात पुढे करून पैसे मागितले, तर द्यावेत का? दारूत गेले तर?

दहा-वीस रुपये असतील तर मी देतो आणि पुढं काही विचारत नाही. रात्र फलाटावर काढलेल्या माणसानं चहा घ्यावा की तंबाखू, हे ठरवणारा मी कोण? सत्पात्री दान म्हणत वीस रुपयांसाठी माणसाची उलटतपासणी घेणं मला क्रूर वाटतं. लहान मूल मागत असेल तर मात्र पैसे नाही, खायला देतो. एकटं दिसलं तर १०९८ला फोन करतो.

चिठ्ठीचं वेगळं. तिथं रक्कम मोठी असते, आणि मी चौकशी करतोच. आधी तारीख बघतो, मग वॉर्ड, मग वॉर्डात कुणाला तरी विचारतो. औषध द्यायचं ठरलं तर गोळ्यांची पट्टी कापून, बिल पेशंटच्या नावानं. कापलेली पट्टी सहसा कुणी परत घेत नाही.

१८९४ साली डॉ. वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. आजही जत, अथणी, जमखंडी, विजापूरकडून पेशंट येतात. गेल्या पावसाळ्यात जतकडचा एकजण आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी आणि केशरी रेशनकार्ड. इंजेक्शनला पैसे कमी पडत होते. वॉर्डात विचारलं, तर इंजेक्शन सरकारी योजनेतूनच मिळणार होतं, एक कागद तेवढा राहिला होता. त्याला कुणी नीट समजावलंच नव्हतं. जेवलात का म्हटलं, तर म्हणाला, "बायकोला दवाखान्याचं ताट येतंय, त्यातली एक चपाती ती माझ्यासाठी ठेवती."

म्हणून मी चौकशीवर एवढा अडून बसतो. माणूस खोटा पडावा म्हणून नाही; तो एक मागतो, त्याला लागत असतं भलतंच, आणि विचारल्याशिवाय ते कळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पण रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटायचं असतं, हे खेड्यातून आलेल्या माणसाला कोण सांगणार? पाचशेची नोट देण्यापेक्षा अर्धा तास त्याच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत जा. माझ्या मते हेही दानच, आणि ते फार कमी लोक करतात.

पेशंटबरोबर आलेल्यांचा विचार गाडगेबाबांनी केला होता. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली ती त्यांच्यामुळे. उपचार फुकट झाले तरी सोबत आलेल्याचं पोट, एसटीचं भाडं, पाठ टेकायला जागा, यांना कुठलंच कार्ड चालत नाही.

संस्थेला देणार असाल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि हिशेब बघा, पैसे चेकनं किंवा यूपीआयनं द्या. दोन हजारांवर रोख दिलेल्या देणगीला आयकरात सवलत मिळत नाही. बेघर निवारा केंद्राला आधी फोन करून काय हवंय ते विचारा. थंडीत ब्लँकेटं सगळेच देतात, पण म्हाताऱ्यांचे डायपर, साबण, चपला कुणाच्या लक्षात येत नाहीत. रस्त्यावर एखादी वृद्ध व्यक्ती निराधार दिसली तर १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आणि दर महिन्याला थोडं काही द्यायची इच्छा असेल, तर दवाखान्याजवळच्या खानावळीत जाऊन मावशींना सांगा, चार ताटं माझ्या नावावर लिहा, वॉर्डातनं कुणी उपाशी आलं तर वाढा. मी तसं करतो. कोण जेवून गेलं ते मी विचारत नाही आणि मावशीही सांगत नाहीत.