बाबांच्या अक्षराचा फॉन्ट : आमची वाटचाल

आमचं दुकान बेळगावातलं, खडेबाजारच्या एका बोळात, आणि धंदा मूळचा पत्र्याच्या पाट्या रंगवायचा. बाबा सुताला खडू लावून रेघ मारायचे, मग ऑइलपेंट, आणि शेवटी अक्षराला उजवीकडं खाली शेड. उजवीकडंच का, तर आपल्या बऱ्याच अक्षरांचा काना उजव्या अंगाला असतो, शेड एका फटक्यात सरळ उतरते. पुढं फ्लेक्स आला, पाट्या गेल्या, आम्हीपण कर्ज काढून मशीन घेतली आणि सगळ्यांसारखेच दोन-तीन फॉन्ट वापरत बसलो.

एक दिवस एक मिठाईवाले काका आले, म्हणे दुकानावरची जुनी पाटी गंजली पण कुंद्याच्या बॉक्सवर अक्षर तसंच पाहिजे, बाबांचं. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

मला वाटलेलं फोटो काढू, ट्रेस करू, महिन्यात फॉन्ट तयार. दोन वर्षं गेली! पाटीवर बाबा अख्खा शब्द बघून अक्षर दाबायचे-ताणायचे, फॉन्टात प्रत्येक अक्षर सुटं काढावं लागतं आणि तरी शिरोरेघ सलग दिसायला पाहिजे. आमच्या अक्षराच्या पोटात बारीक पांढरी रेघ आहे, ती शिरोरेघेत दर अक्षराला तुटायची, मग टोकं उघडी ठेवली आणि रेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढवली तेव्हा जमलं. शेड पुढच्या अक्षरावर पडायची म्हणून तिचा वेगळाच फॉन्ट केला, तोच शब्द दोनदा टाईप करायचा, शेड खाली ठेवायची, रंग हवा तो द्या. बाबा स्क्रीनकडं बघून म्हणाले, "हे काय करूलालास रे, ब्रशनं पाच मिनिटाचं काम."

जोडाक्षरांनी तर रडवलं. पहिल्याच लग्नपत्रिकेत 'वऱ्हाडी मंडळी' मधला तो अर्धा र आम्ही काढलाच नव्हता, तिथं चौकोन आला, कुणाच्या लक्षातच आलं नाही आणि पत्रिका छापून झाल्या. परत छापून दिल्या, पैसे आमचे. हिंदीवाल्यांना तो र लागत नाही, आपल्याला दोऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर, सगळीकडं लागतो. ल आणि श पण मराठी वळणाचेच ठेवलेत.

आता गणेश मंडळांचे बॅनर, नाटकाच्या जाहिराती, मिठाईचे बॉक्स यावर तो चालतो. फक्त मोठा वापरा हो! एका हॉटेलवाल्यानं अख्खं मेनूकार्ड त्यात केलं, पोटातली रेघ भरून गेली, मिसळ कुठली आणि उसळ कुठली कळेना. दोन-तीन शब्द, ठळक, बस्स.

आणि कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या 2024 च्या दुरुस्तीनंतर पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे, म्हणजे कन्नड जोडीदार फॉन्ट लागणारच. पण कन्नडला शिरोरेघ नाही, बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर वेगळा तलकट्टु, म्हणजे सुटी छोटी रेघ, त्यामुळं आमच्या सगळ्या युक्त्या तिथं फुकट. ते काम चालू आहे. तोवर कन्नड ओळ बाबा ब्रशनं काढून देतात, मी स्कॅन करतो, आणि पाच मिनिटांचा हिशोब रोज ऐकतो.