केप ब्रेटनला गेलात तर शेटिकॅम्पला मुक्काम करा

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात, केप ब्रेटन बेटावर, 298 किलोमीटरचा कॅबट ट्रेल हा वळसा घालणारा मोटाररस्ता आहे. बरेच जण तो एका दमात उरकतात आणि वाटेतल्या शेटिकॅम्प या गावी पेट्रोल-कॉफीपुरते थांबतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की इथे निदान दोन रात्री राहा.

हॅलिफॅक्सपासून अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. गाडी हवीच, बसच्या भरवशावर येऊ नका. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा कॅन्सो कॉजवे हा भरावावरचा रस्ता ओलांडला की 19 नंबरचा रस्ता धरा. तिथे स्कॉटिश वस्ती आहे, पाट्यांवर त्यांची गेलिक भाषा दिसते. मार्गारी गाव मागे पडलं की घरोघरी निळा-पांढरा-लाल झेंडा दिसू लागतो, निळ्या पट्ट्यात पिवळा तारा. हा अकेडियन लोकांचा झेंडा, 1884 पासूनचा.

अकेडियन म्हणजे सतराव्या शतकात या किनाऱ्यांवर येऊन शेती करणारे फ्रेंच. 1755 पासून इंग्रजांनी त्यांची घरं जाळली, माणसं जहाजांत कोंबून देशोधडीला लावली. पांगलेल्यांपैकी काही कुटुंबं 1780 च्या दशकात इथे येऊन वसली आणि 1790 मध्ये चौदा जणांच्या नावे जमिनीची सनद झाली. आज परिसर धरून वस्ती तीन हजारांच्या आसपास, आणि आडनावं मोजकीच: ओक्वँ, शियासों, देवो, लब्लाँ. त्यामुळे माणूस ओळखायचा तो बाप-आजोबांच्या नावावरून, म्हणजे शार्लच्या पॉलचा जोसेफ. इंग्रजी सगळ्यांना येते, पण दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणा. पुढचं बोलणं मोकळं होतं.

मासेमारीवर जगणारं हे गाव पिढ्यान् पिढ्या इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरच्या रॉबिन कंपनीच्या उधारीत अडकलेलं होतं. मासे तिलाच द्यायचे, पीठ-मीठ तिच्याच दुकानातून घ्यायचं. त्यातून सुटका केली ती सहकारी संस्थांनी. हे वाचून आपल्याकडच्या सावकारीची आणि सहकाराची आठवण होणारच.

ले त्र्वा पिन्यों हे संग्रहालय चुकवू नका. इथल्या बायका जुन्या चिंध्यांचे गालिचे करायच्या. 1920 च्या दशकाच्या अखेरीस लिलियन बर्क या चित्रकर्तीने त्यांना बारीक लोकर आणि नवे नमुने दिले, आणि गालिचे न्यूयॉर्कला विकले जाऊ लागले. पुढे मोबदल्यावरून बायकांनीच बंड केलं. काम आम्ही जवळून पाहिलं. लाकडी चौकटीवर ताणलेला गोणपाट, एक हात खाली लोकर धरून, दुसरा वरून आकडी खुपसतो आणि इवलासा फासा वर ओढतो. बोटभर जागा भरायलाही किती वेळ लागतो! एलिझाबेथ लफोर्टने याच कामातून माणसांचे चेहरे विणले. तिची कामं व्हॅटिकन आणि व्हाइट हाउसपर्यंत गेली. तिच्या दालनासाठी तासभर तरी ठेवा.

सेंट पीटरचं चर्च 1893 चं. त्याचा दगड समोरच्या बेटावरून, हिवाळ्यात गोठलेल्या बंदरावरून घोड्यांनी ओढून आणला. आत जाऊन नक्षी बघा.

जेवणात फ्रिको घ्या, म्हणजे कोंबडी-बटाट्याचा पातळ रस्सा. शाकाहारी असाल तर पर्याय फार नाहीत. मुक्कामाला स्वयंपाकघर असेल असं बघा आणि डाळ-तांदूळ बरोबर ठेवा.

जून ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा खरा हंगाम, नंतर बरंच काही बंद होतं. 15 ऑगस्ट हा अकेडियनांचाही राष्ट्रीय दिवस, त्या सुमारास जमलं तर उत्तमच, पण खोल्या खूप आधी घ्या. राष्ट्रीय उद्यानाचं फाटक गावाच्या उत्तरेला लगेचच आहे, प्रवेशपास लागतो. उद्यानातल्या स्कायलाइन पायवाटेवर कुत्रा नेता येत नाही, आणि मूस (भलंमोठं हरीण) दिसला तर लांबच राहा. डोंगरात फोनला रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. आग्नेयेकडून डोंगर उतरून येणाऱ्या वाऱ्याला इथे ‘स्युएत’ म्हणतात. तो ताशी 200 किलोमीटरच्या पुढेही गेलेला आहे, म्हणून इशारा असेल त्या दिवशी घाट चढू नका, संग्रहालयाचा बेत त्याच दिवशी ठेवा.