पंखे चालू, स्क्रीन काळी

झाला एकदाचा पीसी जोडून. पार्ट निवडताना सगळं डोकं प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डातच घातलं होतं, कॅबिनेट काय, दिसायला भारी वाटलं ते घेतलं, आणि प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बसवल्यावर बघतो तर साइड पॅनल लागेना. कूलरची उंची १६५ मिमी, कॅबिनेटमध्ये जागा १६० ची. पाच मिलिमीटरसाठी कूलर बदलावा लागला राव! स्पेकमध्ये कूलरची उंची आणि कार्डाची लांबी आधी बघा, काच आणि लाइटिंग नंतर.

प्रोसेसर बसवताना खरी फाटते. एएम५ सॉकेटला, म्हणजे मदरबोर्डावर एएमडीचा प्रोसेसर बसतो त्या जागेला, १७१८ पिना आणि त्या प्रोसेसरला नाहीत, बोर्डावर आहेत, म्हणजे एक वाकली की बोर्डच गेला समजा. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग दांडी खाली घेताना चांगलाच जोर लागतो, काहीतरी करकरतं, आणि वरचं काळं प्लास्टिकचं झाकण टुणकन उडतं. मी दचकून हात मागे घेतला, पण ते तसंच उडायचं असतं.

रॅमच्या दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढलीत ना? विचारून ठेवतो आपलं, विसरणारे खूप आहेत.

आता बटन दाबलं. पंखे फिरले, बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा लागला आणि स्क्रीन काळी ती काळीच. अर्ध्या मिनिटात बंद केलं, स्टिक काढून परत लावल्या, परत तेच, मग स्टिकची अदलाबदल केली, मग एकच ठेवून बघितली, प्रोसेसरची ८ पिनची वायर पण उपसून पुन्हा लावली. तासभर हेच, शर्ट घामाने चिंब. शेवटी वैतागून तसाच चालू सोडून चहा ठेवायला गेलो, परत येतो तर समोर बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगची स्क्रीन!

काहीच बिघडलं नव्हतं हो. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू करताना बोर्ड तिचं टायमिंग जुळवत बसतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला, आणि त्यात काही मिनिटं सहज जातात. मी दर वेळी ते अर्ध्यावर तोडत होतो, वर रॅम हलवली की ते पहिल्यापासून सुरू.

बायोसमध्ये रॅमचा वेग ४८०० दिसत होता, घेतली होती ६००० ची. म्हणजे एक्स्पो प्रोफाइल, रॅम तिच्या पूर्ण वेगाने पळवणारं सेटिंग, ऑन करायचं राहिलेलं, ते केलं, सेव्ह केलं, मशीन रिस्टार्ट झालं आणि स्क्रीन परत काळी.

या वेळी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.