चौसष्ट माणसांची कचेरी

टेक्ससमधल्या ओडेसाहून ३०२ नंबरच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघालं की आधी नोट्रीज लागतं. म्हणजे ‘झाडं नाहीत’. बारसं करणारा माणूस प्रामाणिक असावा. मग कर्मिट, आणि त्यापुढे मेंटोन, लव्हिंग काउंटीचं मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हाच. २०२० च्या जनगणनेत या अख्ख्या काउंटीत ६४ माणसं भरली. क्षेत्रफळ मात्र साधारण १,७५० चौरस किलोमीटर, मुंबई शहर आणि उपनगर मिळून होतं त्याच्या जवळजवळ तिप्पट. आमच्या पुण्याच्या सोसायटीत याहून जास्त माणसं लिफ्टच्या वर्गणीवरून भांडतात.

लव्हिंग हे आडनाव, प्रेमाशी संबंध नाही. ऑलिव्हर लव्हिंग गुरांचे कळप घेऊन जायचा. १८६७ साली पेकोस नदीकाठी कोमांची या मूळनिवासी जमातीच्या हल्ल्यात जखमी झाला आणि त्यातच गेला. तीच पेकोस या काउंटीची एका बाजूची हद्द. उत्तरेला न्यू मेक्सिको. मधे नुसता सपाट, खुरटा माळ आणि तेलाचे पंप.

कोर्ट हाउस १९३५ सालचं, दुमजली, विटांचं. इथला काउंटी जज म्हणजे न्यायाधीश कमी आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष जास्त. त्याला वकिलीची पदवी लागत नाही. त्याच्याबरोबर चार कमिशनर. पाचजणांच्या या बैठकीला ‘कोर्ट’ म्हणतात, काम मात्र बजेट आणि रस्त्यांचं. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, तोही निवडूनच येतो. टेक्ससमध्ये निवडून आलेली पहिली महिला शेरीफ याच काउंटीतली, १९४० च्या दशकात. एडना रीड क्लेटन ड्यूईस तिचं नाव. ती म्हणे बंदूक बाळगत नसे. बरोबरच आहे, ओळखीच्या माणसावर काय रोखणार?

त्या रात्री बाबांना फोन केला. बाबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. लहानपणी मी त्यांचा डबा पोचवायला जायचो. लाल रुमालात बांधलेल्या दफ्तरांचा तो कोंदट वास अजून नाकात आहे. चौसष्ट माणसं ऐकून ते हसतील असं वाटलं होतं.

“जमिनीचे कागद कुठे असतात?” त्यांनी विचारलं.

“तिथेच, काउंटी क्लार्ककडे. जमीन एकाची आणि खालचं तेल दुसऱ्याचं असू शकतं, त्यामुळे तेलवाल्यांना ते चाळावेच लागतात.”

“हं.”

मग मी रंगात येऊन सांगितलं, की ही काउंटी १८९३ साली झाली, १८९७ साली मोडली, शेजारच्या रीव्ह्ज काउंटीला जोडली गेली आणि १९३१ मध्ये पुन्हा उभी राहिली. दोनदा स्थापन झालेली टेक्ससमधली ही एकमेव काउंटी.

पलीकडे शांतता. बाबा हिशेब करत असावेत.

“म्हणजे चौतीस वर्षांचं दफ्तर दुसऱ्या कचेरीत.”

“असणार.”

“परत घेताना यादी करून घेतलं का रे त्यांनी?”