1520 नॅनोमीटरवरचा उजेड नक्की एर्बियमचाच का?

फुलरीनच्या (कार्बन अणूंच्या पोकळ रेणूच्या) पिंजऱ्यात टर्बियम हा धातू बसवला तरी त्याचा नेहमीचा हिरवा उजेड दिसत नाही. टर्बियमची उजेड देणारी पातळी सुमारे 2.5 इलेक्ट्रॉन व्होल्टवर असते आणि पिंजऱ्याच्या स्वतःच्या उत्तेजित अवस्था तिच्या बऱ्याच खाली. त्यामुळे धातूपाशी ऊर्जा टिकतच नाही. पिंजरा ती ओढून घेतो आणि जवळजवळ सगळी उष्णतेत घालवतो. एर्बियम, असाच दुसरा धातू, यातून सुटतो, कारण त्याची पातळी 0.8 इलेक्ट्रॉन व्होल्टवर, पिंजऱ्याच्याही खाली आहे. 532 नॅनोमीटरच्या लेझरने पिंजरा उत्तेजित करायचा, ऊर्जा आपोआप एर्बियमकडे उतरते आणि उजेड 1520 च्या आसपास येतो. हजारात एकही फोटॉन धड मिळत नाही, तेव्हा नायट्रोजनने थंड केलेला इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा डिटेक्टर आणि भरपूर वेळ लागतो.

सगळ्यात वाईट फसगत ग्रेटिंग, म्हणजे उजेड तरंगलांबीनुसार वेगळा करणारी बारीक रेघांची पट्टी, करतं. 760 नॅनोमीटरचा उजेड दुसऱ्या क्रमात, म्हणजे दुप्पट तरंगलांबीच्या जागी, बरोबर 1520 वर दिसतो! आणि शुद्धीकरणात मागे राहिलेला सी-60 (60 कार्बन अणूंचा रिकामा फुलरीन) नेमका त्याच भागात चमकतो. नमुना आणि मोनोक्रोमेटर (ग्रेटिंग असलेलं उपकरण) यांच्यामध्ये 1000 नॅनोमीटरचा लाँगपास फिल्टर, म्हणजे त्याहून लांब तरंगलांबीच सोडणारा, लावा. खोटी रेषा जाते, खरी राहते. दृश्य भागात टोल्युइन या द्रावकाच्या रामन रेषा (द्रावकावरून विखुरताना तरंगलांबी बदललेला लेझरचा उजेड) सतावतात: 532 ने उत्तेजित केल्यावर त्यातली एक 635 च्या जवळ येते. लेझर बदलला की ती सरकते, प्रकाशदीप्ती जागची हलत नाही.

द्रावण पातळच हवं, उत्तेजनाच्या तरंगलांबीवर शोषण 0.1 च्या आत. कार्बन डायसल्फाइडमध्ये हायड्रोजन नसल्यामुळे जवळच्या अवरक्त भागात ते टोल्युइनपेक्षा स्वच्छ असतं, पण ते 46 अंशांना उकळतं आणि 90 च्या आसपास आपोआप पेट घेतं. हीट गन जवळ आणूच नका.

आत यिट्रियम नायट्राइड असलेल्या सी-80 ची, म्हणजे 80 कार्बन अणूंच्या पिंजऱ्याची, गंमत वेगळी आहे आणि मला तीच जास्त आवडते. तिथे धातू उजेड देत नाही, पिंजराच देतो. ट्रिपलेट अवस्था (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर) सिंगलेटच्या (स्पिन विरुद्ध) जेमतेम 0.1 इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली असल्यामुळे खोलीच्या तापमानाला रेणू पुन्हा वर चढतो आणि विलंबित प्रतिदीप्ती, म्हणजे सिंगलेटमधून उशिरा येणारा उजेड, मिळते. थंड केलं की ही चढण बंद पडते आणि अधिक लांब तरंगलांबीवर स्फुरदीप्ती, म्हणजे थेट ट्रिपलेटमधून येणारा उजेड, उरते.

द्रावणात ऑक्सिजन राहिला तर पिंजऱ्याचा हा उशिराचा उजेड दिसत नाही. गोठवणं, पंप लावणं, वितळवणं हे चक्र निदान तीन-चार वेळा करा, वितळताना बुडबुडे येईनासे होईपर्यंत. ऑक्सिजन शिल्लक असल्याची खूण म्हणजे 1270 नॅनोमीटरवरची रेषा, सिंगलेट ऑक्सिजनची. तिची ऊर्जा 0.98 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एर्बियमच्या 0.8 पेक्षा जास्त. तेव्हा एर्बियम स्वतः ऑक्सिजनला ऊर्जा देऊ शकत नाही. हवेत 1520 मंदावली आणि 1270 उगवली, तर गळती एर्बियमपर्यंत पोचण्याआधीच, पिंजऱ्याच्या ट्रिपलेटमधून झाली आहे.