किटली छान आलीय

वॉटरकलरच्या क्लासला यावेळी मॅडमनी सांगितलं, एखादा जुना प्रसंग रंगवून आणा. बहुतेकांनी शिवराज्याभिषेक घेतला, मी मुद्दाम भलतंच घेतलं. 15 डिसेंबर 1877, इंग्लंडमधलं ह्यूएंडन. पंतप्रधान डिझरायलीचं गावाकडचं घर, व्हिक्टोरिया राणी तिथे जेवायला आली आणि लॉनवर झाड लावून गेली, सोबत धाकटी लेक बिअ‍ॅट्रिस, तिनंही एक लावलं. तेव्हा असल्या भेटींची जलरंगातली चित्रं काढून घेत आणि राणी ती अल्बममधे जपून ठेवायची. बाई स्वतःही बरी चित्रं काढायची, 1846 ला एडवर्ड लियर या इंग्रज चित्रकाराकडून बारा धडे घेतले होते तिनं, म्हणजे चित्रकाराचं काय होत असेल विचार करा.

माझा घोळ झाला काळ्या रंगात. जलरंगात पांढरा लावत नाहीत, कागद कोरा सोडतात, त्यामुळे पांढरा झगा असता तर निम्मं काम फुकटात झालं असतं. पण 1861 मधे नवरा गेला तेव्हापासून राणी कायम काळ्यात! आणि मॅडमकडे ट्यूबमधला काळा वापरायला बंदी, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी मिसळून करायचा. त्यात राणी जेमतेम पाच फूट (तिचे पाय टेकावेत म्हणून डिझरायलीने खुर्चीचे पाय कापले अशी गोष्ट तिथे सांगतात), सगळं मिळून माझ्या कागदावर एक काळी किटली बसली.

मग माती. ओली, गडद, आयता खणलेला खड्डा. खणणारा माळी अशा चित्रांत मागे कुठेतरी असतो नाहीतर नसतोच, मी त्याला टोपी काढून उभा केला. मातीवर दुसरा हात देताना एकदम आठवलं, याच डिझरायलीने आदल्या वर्षी कायदा करून तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी केलं होतं, आणि 1876 ते 78 आपल्याकडे दख्खनमधे दुष्काळ, माणसं खडी फोडायच्या कामांवर. तो ब्राउन मग जरा जास्तच वेळ ढवळत बसले.

रोपाची पानं काळ्याच्या आधी मास्किंग फ्लुइडने, म्हणजे रंग लागू न देणाऱ्या द्रवाने, झाकायची असतात. विसरले.

मॅडमनी चित्र लांब धरून पाहिलं. म्हणाल्या, किटली छान आलीय गं, पण झाड कुठंय?